आल्प्सच्या ट्रेकचा शेवटचा दिवस : होट्युर्ली ते कांडरश्टेग, दोन मुलं आणि तळ्याकाठी वाट बघणारी आजी

घाटमाथा

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने फोनवर विचारलं, "शेवटच्या दिवशी काय, नुसतं उतरायचंच ना? मग संध्याकाळची गाडी धरता येईल की." आम्हीही आधी अगदी हेच ठरवलं होतं. तिला फोनवर सांगताना अर्धं राहून गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी मुलांना, आईवडिलांना घेऊन असे ट्रेक केले आहेत त्यांनीही लिहा. पहिल्या दिवसाच्या तयारीबद्दल ढिगाने वाचायला मिळतं, शेवटच्या दिवसाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

आम्ही नऊ वर्षं श्टुटगार्टला आहोत. मुलगी १३, मुलगा ९. आई (वय ६७) साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलांडमध्ये माइरिंगेनपासून कांडरश्टेगपर्यंत सहा दिवस चाललो. ही वाट व्हिया आल्पिना १ या लांब मार्गाचा भाग आहे. तो मार्ग लिखटेनश्टाइनमधल्या फादुझपासून माँत्रोपर्यंत, सुमारे ३९० किलोमीटरचा आणि चौदा खिंडींचा. आम्ही त्यातला मधला तुकडा घेतला. ग्रोसे शायडेग, क्लायने शायडेग, मग म्युरेनहून सेफिनेनफुर्गे ओलांडून ग्रीसआल्प. आई प्रत्येक मुक्कामाला रेल्वेने, बसने किंवा रोपवेने येत होती आणि जमेल तिथे आमच्याबरोबर चालत होती. आयगर, म्योंख, युंगफ्राऊ हे सगळं पहिल्या तीन दिवसांत झालं. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी थेट शेवटाकडे येते.

पाचव्या दिवशी आम्ही चौघे ग्रीसआल्पहून (१४०८ मी.) चढून ब्ल्यूमलिसआल्प हटवर (२८४० मी.) मुक्कामाला गेलो. हा चढ सोपा नाही. वरच्या टप्प्यात काळी भुसभुशीत घसरण आहे, तिच्यावर लाकडी पायऱ्या ठोकल्यात आणि धरायला तारेचे दोर आहेत. आईने खालूनच हात जोडले. ती ग्रीसआल्पहून पोस्टबसने उतरली (ही बस २८ टक्के चढाच्या रस्त्यावरून जाते, युरोपातला पोस्टबसचा सर्वांत खडा रस्ता), रायखेनबाखला रेल्वेत बसली आणि कांडरश्टेगच्या आमच्या भाड्याच्या घरात एकटी राहिली. ठरलं असं होतं की दुसऱ्या दिवशी तिने गोंडोलाने (रोपवेच्या डब्याने) वर यायचं आणि ओशिनेनझे तळ्याकाठी होड्या भाड्याने मिळतात तिथे आमची वाट बघायची. वेळ दुपारी बारा.

हट म्हणजे हॉटेल नव्हे. बूट खाली काढून ठेवायचे, तिथल्या सपाता घालायच्या, सामायिक गाद्यांवर आपापली पातळ झोपण्याची पिशवी पसरायची, पाणी जपून वापरायचं. जेवणात सूप आणि चीज घातलेला पास्ता. पण खिडकीसमोर हिमनदी. मुलाने विचारलं, "ब्ल्यूमलिसआल्प म्हणजे फुलांचं कुरण ना? मग इथे नुसता बर्फ का?" तिथे काम करणाऱ्या एका मुलीने गोष्ट सांगितली, माझ्या लेकीने ती जर्मनमधून आम्हाला सांगितली. फार पूर्वी इथे खरंच फुलांचं कुरण होतं. तिथला गुराखी इतका मातला की प्रेयसीच्या पायांना चिखल लागू नये म्हणून त्याने चीजच्या पायऱ्या रचल्या. म्हातारी आई भुकेली दारात आली, तर तिला मात्र नासकं दूध दिलं. आईने शाप दिला, आणि कुरण, गुरं, गुराखी सगळं बर्फाखाली गेलं. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजीने जेवण केलं असेल का?" फोनला रेंज येत होती. आजीने पिठलं-भात केला होता.

आता शेवटचा दिवस.

हट २८४० मीटरवर, कांडरश्टेग सुमारे ११७५ मीटरवर, म्हणजे १६६५ मीटरची उतरण. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंचीच १६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून निघून थेट समुद्राला पाय लावायचे, तेही एका दिवसात, पाच दिवस चाललेल्या पायांनी. हे गणित मी आधी मांडायला हवं होतं. मी फक्त पिवळ्या पाटीवरचा वेळ बघितला. साधारण चार तास. पाटीवरचा वेळ हा न थांबता चालणाऱ्या, सरावलेल्या माणसाचा असतो. ९ वर्षांच्या मुलाचा नसतो.

निघालो पावणेसातला. हटच्या व्यवस्थापक बाईंनी सकाळीच बजावलं होतं की दुपारी तीनच्या सुमारास वादळ आहे. होट्युर्ली खिंडीपर्यंतची दहा मिनिटं पाय लाकडासारखे होते. पलीकडची बाजू उघडली आणि चौघेही उभेच राहिलो. डावीकडे ब्ल्यूमलिसआल्पच्या हिमनद्या, खाली दरीत अजून सावली, आणि तळं दिसतच नाही. ते इतकं खाली आहे की पहिले दीड-दोन तास ते नुसतं असणार असं मानून चालायचं.

वरची वाट नागमोडी, खडीची. मग हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या धारेवरून जाते. याच धारेवर नवऱ्याच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला. बूट सात-आठ वर्षांपूर्वीचे, चांगले, फार न वापरलेले. मधे दोन वर्षं कपाटातच होते. तळ जिभेसारखा लोंबायला लागला. काठीला गुंडाळून ठेवलेली चिकटपट्टी काढली, बुटाभोवती तीन वेढे दिले, वरून जादा नाडी बांधली. दर अर्ध्या तासाला पट्टी झिजायची. उतरणीवर टाच रोवता येत नसेल तर माणूस किती असहाय होतो ते त्या दिवशी बघितलं. एरवी तो पुढे आणि मी मागे असते. आता मुलगा बापाच्या पुढे राहून सांगत होता, "इथे मोठा दगड हलतोय. इथे पाय ठेव."

ओबर बेर्गलीला (१९७३ मी.) पोचायला अकरा वाजले. तिथे ताक प्यायलो, गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकत बसलो. आणि तिथेच दिवसातलं खरं कठीण वळण आलं. ओबर बेर्गलीहून दोन वाटा फुटतात. एक होयबेर्गवरून कड्याच्या अंगाने जाते. तळ्याचा तो सुप्रसिद्ध निळा फोटो तिथूनच दिसतो. दुसरी खड्या उताराने उंटर बेर्गलीवरून सरळ तळ्याच्या काठाला लागते. लेकीने तो फोटो सहा महिने खोलीत लावला होता. सहाही दिवस ती "शेवटच्या दिवशी होयबेर्ग" म्हणत होती. पण वाट अरुंद, बापाचा बूट बांधलेला, तिचा स्वतःचा गुडघा दुखायला लागलेला, आणि पश्चिमेकडे ढग जमू लागलेले. आम्ही खालची वाट घेतली.

ती रडली. मोठ्याने नाही, तोंड फिरवून. एरवी मी म्हणते, "उद्या करू." त्या दिवशी हे वाक्य माझ्याकडे नव्हतं. पाच दिवसांत जे जे राहिलं होतं, बघायचं, खायचं, भांडायचं, ते सगळं त्या एका दिवसावर येऊन पडलं होतं, आणि तोच दिवस सर्वांत लांब उतरणीचा होता.

खालच्या वाटेवर रेंज नव्हती. बारा वाजले, एक वाजला. माझ्या डोळ्यांसमोर फक्त आई. आम्ही तळ्यावर पोचलो दोन वाजून वीस मिनिटांनी.

आई होड्यांजवळ नव्हती. पाच मिनिटं मी वेड्यासारखी शोधत होते. ती अलीकडेच, डोंगरातली वाट जिथे काठाला मिळते तिथे, झाडाखाली बसली होती. हातात सकाळी दुकानातून आणलेला पाव, मांडीवर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. साडेअकरापासून. मी रडकुंडीला येऊन "घाबरलीस का?" विचारलं. ती म्हणाली, "वाखरीच्या पुढे कुणी वेळेवर पोचत नसतं." तिने अकरा वर्षं दिंडीबरोबर पंढरीची वारी केली आहे. वाखरी हा पालखीचा शेवटचा मुक्काम, तिथून पंढरपूर अगदी जवळ, आणि त्या शेवटच्या टप्प्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. मुलाने बॅगही न काढता तिला पाव-चटणीचा घास भरवला. ती म्हणाली, "अरे, मी खाल्लंय." तो म्हणाला, "तरी खा."

तीनच्या आसपास गडगडाट सुरू झाला. आम्ही काठावरच्या हॉटेलच्या पडवीत बसून पाऊस बघितला. उघडल्यावर गोंडोलाने शेवटची सुमारे पाचशे मीटरची उंची उतरलो.

त्या संध्याकाळी श्टुटगार्टची गाडी धरायची असा माझा हट्ट होता, सोमवारी ऑफिस होतं म्हणून. नवऱ्याने आरक्षण करताना कांडरश्टेगची एक रात्र वाढवली होती. ती नसती तर त्या पडवीत बसून पाऊस बघता आला नसता.

तुम्ही शेवटचा दिवस कसा आखता? आणि मुलांचं जे राहून जातं त्याचं काय करता?

---

केशरबोंडी

वाचताना "तरी खा" ला थांबले. फोटो टाका ना.

---

नाशिकची_फिजिओ

फार उपयोगी धागा. माझ्या कामाचा विषय आहे म्हणून थोडं लिहिते.

चढताना दम लागतो आणि उतरताना स्नायू फाटतात. हे खरंच असं आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, ब्रेकसारखा. अशा कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून दुखणं त्याच दिवशी कमी आणि एक ते दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतं. घाटमाथा यांच्या लेकीचा गुडघा शेवटच्या दिवशी दुखला तो बहुधा सेफिनेनफुर्गे उतरल्याचा हिशेब होता.

सराव चढण्याचा सगळे करतात, उतरण्याचा कुणी करत नाही. पुण्यात असाल तर आतकरवाडीतून सिंहगड चढा आणि उतरताना बस धरू नका, पायीच या, सावकाश. इमारतीत राहता तर लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. अशी एक चांगली उतरण झाली की पुढचे काही आठवडे स्नायू पुष्कळ कमी दुखतो, म्हणून जाण्याआधी दोन-तीन आठवडे तरी हे करा. काठ्या दोन हव्यात, आणि उतरताना त्या थोड्या लांब कराव्यात. पाऊल छोटं, गुडघा किंचित वाकलेला. मुलांना धावत उतरायला आवडतं. पहिल्या तासात त्यांना अडवा, शेवटच्या तासात आपोआप थांबतात.

---

कोकणकडा७२

बुटाबद्दल. हा दोष वापराचा नाही, वयाचा आहे. ट्रेकिंगच्या बुटात तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू आतून विरघळत जातो. वापरात नसलेला, बंद कपाटात ठेवलेला बूट जास्त लवकर जातो, कारण चालताना त्यातला ओलावा दाबून बाहेर पडतो. आठ-दहा वर्षांत बहुतेक बूट या गतीला जातात, आणि जातात ते असेच, एकदम, डोंगरात. निघण्याआधी अंगठ्याने तो मधला थर दाबून बघा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर नेऊ नका. हरिश्चंद्रगडावर माझ्या मित्राचे दोन्ही तळ एका दिवसात गेले होते, तो कापडी चपलांवर पाचनईला उतरला.

चिकटपट्टी काठीला गुंडाळून न्यायची कल्पना सगळ्यांनी लिहून ठेवा.

---

शांतारजनी

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ६७ वर्षांच्या आईला परक्या देशात, भाषा येत नसताना, एक रात्र आणि अर्धा दिवस एकटं ठेवणं मला पटलं नाही. काही झालं असतं तर? आपल्या हौसेसाठी म्हाताऱ्या माणसाला वाट बघायला लावायची. वर त्याच रात्री मुलांना त्या गुराख्याची गोष्ट सांगितली गेली.

---

घाटमाथा

शांतारजनी काका, राग नाही. हा प्रश्न मी स्वतःला तळ्यावर पोचेपर्यंत दोन तास विचारत होते.

आईला बरोबर न आणता आम्ही चौघांनी जाण्याचा पर्याय होता. आईने तो साफ नाकारला. म्हणाली, "मला घरात बसवून तुम्ही आठ दिवस डोंगरात, आणि मी खिडकीतून दुसऱ्यांच्या बाल्कन्या बघू?" बस, रेल्वे, गोंडोला हे तिने आधीचे चार दिवस रोज केलं होतं, दोनदा एकटीने. तिच्याजवळ स्थानिक सिमचा फोन होता. जर्मनमध्ये लिहिलेली चिठ्ठी होती, त्यात आमची नावं, वाट, हटचा आणि घरमालकिणीचा नंबर. ठरलं होतं की चारपर्यंत आम्ही दिसलो नाही तर चिठ्ठी हॉटेलात दाखवायची.

माझी चूक वेगळी होती. मी तिला बारा ही वेळ दिली, पाटी बघून. दोन सांगायला हवं होतं. वाट बघण्याचा त्रास वेळेने होत नाही, दिलेली वेळ टळल्याने होतो. आणि रेंज नसलेल्या टप्प्याबद्दल तिला आधी सांगायला हवं होतं. हे मी मान्य करते.

गोष्टीबद्दल, मुलाच्या मनात ती दिवसभर होती. तुम्ही म्हणता तेच त्यालाही वाटलं असणार.

---

शांतारजनी

चिठ्ठीचं वाचून बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा. माझी आई आळंदीहून निघायची आणि आम्हाला पत्ताही नसायचा, ती एकादशीनंतर घरी यायची तेव्हाच कळायचं. तेव्हा आम्ही वाट बघायचो.

---

आरे_काठी

मी थूनजवळ राहतो, ओशिनेनझेला दरवर्षी जातो. थोडी भर.

हे तळं दरड कोसळून तयार झालं आहे. कोसळलेल्या दगडांनी दरी अडली आणि मागे पाणी साठलं. म्हणूनच त्यातून जमिनीवरून बाहेर वाहणारा ओढा नाही. पाणी त्या दगडांखालून झिरपतं आणि बरंच खाली जाऊन बाहेर पडतं. पातळी ऋतूप्रमाणे खूप वरखाली होते, खोली ५६ मीटरपर्यंत. घाटमाथाताई, तुमच्या आई जिथे बसल्या तिथे मे महिन्यात गेलात तर काठ पार दूर गेलेला दिसेल.

आणि दरडी अजून संपलेल्या नाहीत. तळ्याच्या दक्षिणेला श्पित्से श्टाय नावाचा सुळका आहे, तिथला एक कोटीहून जास्त घनमीटर खडक सरकतो आहे. आतला कायम गोठलेला थर वितळणं हे त्याचं एक कारण. त्यावर सतत यंत्रांची नजर असते आणि त्या बाजूच्या काही वाटा बंद आहेत. होट्युर्लीची वाट उत्तरेकडून जाते. तरी निघण्याआधी स्विसटोपोच्या (स्वित्झर्लंडच्या सरकारी) नकाशावर बंद वाटांचा थर लावून बघाच, आणि लाल-पांढरी पट्टी बांधलेली असेल तर पलीकडे जाऊ नका. मे २०२५ मध्ये डोंगरापलीकडच्या लोचेनटालमध्ये ब्लाटेन गाव हिमनदी आणि खडक कोसळून जवळजवळ सगळं गाडलं गेलं. सुमारे ३०० लोकांना काही दिवस आधीच हलवलं होतं म्हणून ते वाचले. आमच्याकडे आता "वाट बंद" या पाटीकडे कुणी दुर्लक्ष करत नाही.

त्या हिमनद्यांबद्दलही. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचं सुमारे दहा टक्के घनफळ गेलं. मी चौदा वर्षांपूर्वी त्या हटच्या खिडकीतून जे बघितलं ते तुमच्या मुलाने बघितलेलं नाही.

---

रुळांवरून

कांडरश्टेग म्हटलं की मला लोचबेर्ग बोगदाच आठवतो. १९१३ मध्ये सुरू झाला, साडेचौदा किलोमीटर. २४ जुलै १९०८ ला खोदकाम कांडर नदीच्या पात्राखालच्या सैल गाळात घुसलं आणि २५ कामगार गाडले गेले. मग बोगद्याला वळण देऊन ती जागा टाळावी लागली. आज गावातल्या फलाटावर उभं राहिलं की मोटारी लादलेल्या गाड्या त्याच बोगद्यात शिरताना दिसतात. शेवटच्या दिवशी गाडीला वेळ असेल तर मुलांना हे दाखवा.

---

घाटमाथा

दाखवलं! दुसऱ्या दिवशी गाडी दुपारची होती. मुलगा तासभर फलाटावर होता. २५ कामगारांचं मात्र मला आज कळलं, त्याला सांगते.

---

पहिलटकर_पुणे

आम्ही पुण्याहून चौघे (मुलं १० आणि १४) मेच्या सुट्टीत यायचं म्हणतोय. शेवटचे दोन दिवस तुमच्यासारखेच ठेवले तर चालेल का? विम्याचंही सांगा.

---

आरे_काठी

मे मध्ये नाही. ती खिंड २७७८ मीटरवर आहे, व्हिया आल्पिना १ वरची सर्वांत उंच जागा. जूनच्या अखेरीपर्यंत, कधी जुलैतही, तिथे बर्फ असतो. हटही पूर्ण चालू नसते. भारतातल्या शाळांच्या सुट्ट्या आणि आल्प्सचा चालण्याचा मोसम जुळतच नाही, ही खरी अडचण आहे. मेमध्येच यायचं असेल तर दरीतल्या वाटा धरा. थून आणि ब्रिएन्झ तळ्यांच्या काठाच्या वाटा सुंदर असतात, धबधबे तेव्हाच सर्वांत भरलेले असतात. लाउटरब्रुनेनला त्यासाठीच जावं.

पाट्यांचा रंग मुलांना शिकवा. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, घोट्यावर येणारे बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर मुलांसह मागे फिरा.

---

म्युनिकची_मंजिरी

विमा: शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचं संरक्षण लागतंच, पण त्या कागदात डोंगरातून हेलिकॉप्टरने सोडवण्याचा खर्च धरलाय का ते वेगळं वाचा. काही पॉलिसींमध्ये ठराविक उंचीच्या वर पायी चालणं वगळलेलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचाव बहुतेक ठिकाणी रेगा ही संस्था करते, नंबर १४१४. बाकी युरोपभर ११२. हेलिकॉप्टर वर दिसलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, इंग्रजी वायच्या आकारात. नको असेल तर एक हात वर, एक खाली. मुलांना हा खेळ म्हणून शिकवला की ते विसरत नाहीत.

आमच्या शेवटच्या दिवसाबद्दल. आम्ही इटलीतल्या दोलोमिती डोंगरांमध्ये गेली तीन वर्षं जातो आणि शेवटचा दिवस सर्वांत छोटा ठेवतो. दोन तासांची चाल, मग आइस्क्रीम. मोठी खिंड शेवटच्या आधल्या दिवशी. घाटमाथा, तुमच्या वाटेचा नकाशा बघितला तर तुम्हीही तळ्याकाठी एक मुक्काम टाकू शकला असतात. तिथे राहायची सोय आहे. मग होयबेर्ग दुसऱ्या दिवशी सकाळी झालं असतं.

---

घाटमाथा

मंजिरी, हे वाचून मी नवऱ्याला हाक मारली. आम्ही दोघांनी नकाशा उघडून बघितलं. अगदी बरोबर. तळ्याकडे आम्ही फक्त "जाता जाता" म्हणून बघितलं होतं.

लेकीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ढग इतके खाली होते की गोंडोलाची दोरी धुक्यात शिरताना दिसत होती. होयबेर्ग झालंच नाही. घरी आल्यावर तिने खोलीतला फोटो काढून टाकला. मी काही बोलले नाही. चार दिवसांनी बघितलं तर तिथे आमच्याकडचा कागदी नकाशा लावला होता, सहा दिवसांची वाट लाल पेनाने काढलेली. होयबेर्गचा तुकडा पेन्सिलने, तुटक रेषेने. उंटर बेर्गलीच्या उतारावर तिने बारीक अक्षरात लिहिलंय : "बाबाचा बूट."

---

केशरबोंडी

नकाशाचा फोटो तरी टाका!

---

घाटमाथा

तिला विचारते. तिचा आहे तो.

---

विहीरकाठ

मी जुलैत सासूबाईंना (७०) घेऊन जातेय. मुलं आणि नवरा वरून उतरणार, आम्ही दोघी गोंडोलाने तळ्यावर. घाटमाथा, तुमच्या आईंना विचाराल का, तीन तास कसे काढले? बसायला सावली आहे का? सासूबाईंना ऊन सोसत नाही.

---

घाटमाथा

विहीरकाठ, आई इथेच शेजारी बसली आहे. ती सांगते तसं लिहिते.

"होड्यांपाशी बसू नका, तिथे गर्दी आणि ऊन. डोंगरातली वाट जिथे पाण्याला येऊन मिळते तिथे झाडं आहेत. सावली सरकते, तसं आपण सरकायचं. गोंडोलातून उतरून तळ्यापर्यंत उतार आहे, सासूबाईंना काठी द्या. परत जाताना तोच चढ होतो, त्याला दम ठेवा. पाणी थंडगार असतं, पाय दोनच मिनिटं घाला. स्वेटर न्या, ढग आले की एकदम गार होतं. चटणीचा डबा घट्ट झाकणाचा घ्या, माझ्या पिशवीत तेल सांडलं होतं. आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत बसू नका, मान दुखते. मुलांचा आवाज लांबून येतो."